येलदरीचे १५१५ फूट

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचे रोजचे पत्रक निघते, त्यात या धरणाची पूर्ण संचय पातळी ४६१.७७ मीटर अशी छापलेली असते. कोरा कागद समोर असताना कोणताही अभियंता एवढा अडनिडा आकडा ठरवणार नाही. पण ४६१.७७ ला ०.३०४८ ने भागून पाहावे. उत्तर येते १५१५ फूट, अगदी नेमके. भिंतीची उंची ५१.२ मीटर सांगतात, ती भागली की १६८ फूट होते. एकूण साठा ९३४.४४ दशलक्ष घनमीटर. त्याचे घनफूट केले की ३३ अब्ज, म्हणजे ३३ टीएमसी. मीटरमध्ये ओबडधोबड दिसणारे हे आकडे फुटांत गेले की एकेक करून पूर्णांकावर येऊन बसतात. कागद कोणत्या मापात आखले गेले, याचा पुरावा शोधायला दप्तरखाना उघडण्याची गरज नाही. धरणाचे आकडेच तो देतात.

धरण पुरे झाले १९६८ साली. ते उभे राहिले तो काळ मराठवाड्यात मापे बदलण्याचाच होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, पण व्यवहारातला हाली सिक्का लगेच संपला नाही. परभणीच्या मोंढ्यात बरीच वर्षे दोन रुपये शेजारी शेजारी चालत. हाली आणि भारतीय, म्हणजे लोकांच्या तोंडचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब अडत्यापासून बैलगाडीवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण, पायली मागे पडून किलो आणि लिटर आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत राज्य तीनदा बदलले, नाणे दोनदा बदलले, वजनमापे एकदा बदलली. त्या पिढीला रूपांतराचे गणित शाळेत कमी आणि बाजारात जास्त शिकावे लागले.

जमिनीच्या बाबतीत ते अजून चालूच आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, तोंडी मात्र एकर-गुंठा. परभणीत कुणी हेक्टरात जमीन विकत घेत नाही.

पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण पाण्याला दोन मापे लागतात: साठा किती आणि वाहते किती. ब्रिटिशांनी कालवे खणले तेव्हा वाहत्या पाण्याचे माप घनफूट प्रति सेकंद, म्हणजे क्युसेक, असे ठरले आणि ते आजवर हटलेले नाही. त्या काळच्या पाटबंधारे अभियंत्याचा सगळा विचार एका प्रश्नाभोवती फिरे: एक क्युसेक सतत वाहिला तर किती एकर भिजतील? याला ते पाण्याची ड्यूटी म्हणत. कालव्याचे पाणी वाया न जाता खेड्याखेड्यांत कसे वाटावे, यासाठी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली ती याच विचारातून. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था ती हीच. तिथे क्लॉड इंग्लिस यांनी कालव्यातला प्रवाह मोजण्याच्या फ्लूमवर बरेच काम केले. फ्लूम म्हणजे प्रवाह मुद्दाम अरुंद केलेला बांधीव मार्ग. पाणी तिथून किती उंचीने जाते ते पट्टीवर वाचायचे आणि तक्त्यावरून क्युसेक काढायचे. अनेक चाऱ्यांच्या मुखाशी ही रंगवलेली पट्टी आजही दिसते.

साठ्याचे माप मात्र लोकांच्या तोंडी बसवले ते भांडणांनी. कृष्णेच्या पाण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले आणि तेव्हापासून टीएमसी हा राजकारणातला शब्द झाला. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात एक अब्ज घनफूट. सातारा-सांगलीकडचा माणूस कोयनेचे १०५ टीएमसी सांगतो ते याच मापात. गोदावरी खोऱ्यातही तेच झाले, आणि तिथे येलदरीचा थेट संबंध आहे. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला. गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली पोचमपाड धरणापर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीहून जास्त वापरू नये, असे त्यात ठरले. सिद्धेश्वर हे येलदरीच्या खालचे धरण, आता हिंगोली जिल्ह्यात. येलदरीने साठवायचे, सिद्धेश्वरने कालव्यात घालायचे, अशी पूर्णा प्रकल्पाची रचना आहे. म्हणजे येलदरीचा थेंब न् थेंब महाराष्ट्राचा, हे ज्या कागदाने ठरवले तो कागद टीएमसीत लिहिलेला आहे. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा निकाल दिला तोही २.७४ टीएमसी साठा आणि दर १ मार्चला तेलंगणकडे सोडायचे ०.६ टीएमसी याच भाषेत.

खात्याने मात्र दशमान पद्धत स्वीकारली होती, त्यामुळे पत्रकात साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे दलघमीत येतो. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. पातळी मीटरमध्ये, साठा दलघमीत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि न्यायालयात टीएमसी! पैठणला तर नाथसागराची पातळी अजून फुटांतच बोलली जाते. १५२२ फूट झाले की धरण भरले, हे तिथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. एका नदीखोऱ्यात पाच मापे एकाच वेळी चालतात आणि पत्रकाच्या एकाच ओळीत दोन पद्धती नांदतात. याचे खापर कुणा एकावर फोडता येत नाही. प्रत्येक माप ज्या कामासाठी आले, त्या कामाला चिकटून राहिले.

खरा घोळ होतो तो साठा आणि प्रवाह यांची सांगड घालताना. ‘येलदरीतून वीस हजार क्युसेक पाणी सोडले’ अशी बातमी येते. हे वीस हजार म्हणजे पाण्याचा गठ्ठा नव्हे, दर सेकंदाला वीस हजार घनफूट. किती वेळ सोडले ते कळल्याशिवाय किती पाणी गेले हे सांगताच येत नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेवढ्यांनी गुणले की एका दिवसात १.७३ टीएमसी, म्हणजे सुमारे ४९ दलघमी. खाली सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा सुमारे ८१ दलघमी, येलदरीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. याचा अर्थ असा की सिद्धेश्वर उपयुक्त साठ्याच्या तळाला गेलेले असले तरी या वेगाने ते दोन दिवसांच्या आत भरते. आधीच भरलेले असेल तर आलेले पाणी जवळजवळ तसेच पुढे ढकलावे लागते. नदीकाठच्या गावाला जे कळायला हवे ते हे, आणि बातमीत नेमके हेच नसते.

याच्या उलट टोकाला वीजघर आहे. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण साडेबावीस मेगावॅट. तिन्ही चालले की सुमारे २,७०० क्युसेक पाणी टर्बाइनमधून खाली जाते. आकडा ऐकायला मोठा वाटतो. दिवसाचा हिशेब केला तर ते होतात ६.६ दलघमी. धरणाचा उपयुक्त साठा ८०९.७७ दलघमी. आवक नाही आणि बाष्पीभवनही नाही असे घटकाभर धरले, तर तिन्ही संच अहोरात्र चालवून हे पाणी संपायला चार महिने लागतील. बातमीत ‘वीजघरातून २,७०० क्युसेक’ आणि ‘दरवाजांतून वीस हजार क्युसेक’ या दोन ओळी एकाखाली एक सारख्याच थाटात छापल्या जातात. एकीने पात्रातली मोटार वर घ्यावी लागते, दुसरीने गाव रिकामे करण्याची वेळ येऊ शकते.

टक्केवारीचेही तसेच. ‘येलदरी शंभर टक्के’ म्हणतात ते उपयुक्त साठ्याचे टक्के. शून्य टक्क्यांनाही धरणात १२४.६७ दलघमी मृत साठा उरलेला असतो. एकूण ९३४ सांगायचे की उपयुक्त ८१०, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण दोन धरणांची तुलना करताना एकाचा एकूण आणि दुसऱ्याचा उपयुक्त साठा घेतला की सगळे गणित खोटे पडते, आणि असे वारंवार घडते.

शेतकऱ्याचे माप या सगळ्यापेक्षा निराळे. बोअरला पाणी किती लागले याचे उत्तर ‘दोन इंची’, ‘अडीच इंची’ असे मिळते. पाइपाच्या तोंडाएवढे पाणी; त्यात वेळही नाही आणि दाबही नाही, तरी गावात सगळ्यांना ते नेमके कळते. कालव्याच्या पाण्याचा हिशेब पाळीत. हरभऱ्याला दोन पाळ्या, गव्हाला पाच. नमुना नंबर ७ चा अर्ज भरताना पीक आणि क्षेत्र लिहायचे, पाणी किती हे लिहायचे नाही. शेजपाळीत नाव लागले की पाटकरी सांगेल तेव्हा दार उघडायचे आणि रान भिजेपर्यंत घ्यायचे. पाणीपट्टीही क्षेत्रावर. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी मोजून द्यायची तरतूद केली, तेव्हा कुठे चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला क्युसेक आणि घनमीटर यांच्यातले नाते जाणून घेण्याचे कारण मिळाले. ज्याला पाणी मोजून मिळत नाही त्याला मोजमाप शिकवून उपयोग नाही, हे या कायद्याचे खरे मर्म. तो जिथे नीट राबला तिथे टेलच्या शेतकऱ्याला हक्क मागता आला.

साठा आणि प्रवाह यांच्या मापांचा हाच पेच गेल्या तीस वर्षांत इंटरनेटच्या दाराने घरात आला आहे. भारतनेट योजनेने गावोगावच्या ग्रामपंचायतींना १०० एमबीपीएस जोडणी द्यायचे ठरवले; २०११ साली मंजूर झालेल्या फायबर जाळ्याची ती पुढची अवस्था. त्या जोडणीवर एखादी मोठी फाइल उतरवायला घेतली की संगणकाच्या पडद्यावर वेग दिसतो १२ च्या आसपास. शंभर सांगून बाराच दिले, अशी तक्रार ऐकू येते. तक्रार करणारा खोटे बोलत नसतो आणि जोडणी देणाराही. एकाचे माप बिट, दुसऱ्याचे बाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभरचे साडेबारा.

ही दोन मापे का झाली, याचे उत्तर पुन्हा धंद्यांच्या इतिहासात आहे. जाळ्याचे लोक तारखात्याचे वंशज. तारेवरून एका वेळी एकच खूण जाते, म्हणून ते सेकंदाला किती खुणा गेल्या ते मोजत आले. या खुणांचे बॉड हे माप फ्रेंच तारयंत्र-अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून आहे. १९४८ साली क्लॉड शॅननच्या निबंधात बिट छापून आला, त्याने या खुणेला गणिती अर्थ दिला. माहिती साठवणाऱ्यांची परंपरा हिशेबाची आणि कार्डांची; त्यांना अक्षरे मोजायची होती. आयबीएममध्ये १९५६ साली वर्नर बुखोल्झने बाइट वापरात आणला. त्यानंतर डिस्कच्या तारा आठ-आठ, सोळा-सोळा बिट एकदम नेऊ लागल्या, तेव्हा त्यांचा वेग मेगाबाइटमध्ये सांगणेच सरळ होते. डिस्क जोडण्याच्या १९८६ च्या स्कझी मानकाचा वेग सेकंदाला ५ मेगाबाइट. १९८३ साली जाळ्यासाठी इथरनेटचे मानक ठरले त्याचा वेग १० मेगाबिट. आकडा दुप्पट, पण काम जेमतेम पावपट. हा फरक त्या काळी कुणी जाहिरातीत समजावून सांगितल्याचे दिसत नाही.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुले केले. डायल-अपचा वेग होता ९.६ केबीपीएस. एका १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीतला मजकूर पाठवायचा तर आठाने हिशेब करून साडेवीस मिनिटे लागतात. साध्या मोडेमवर मात्र प्रत्येक बाइटच्या आधी एक आणि नंतर एक असा जादा बिट जातो, जेणेकरून पलीकडच्या यंत्राला अक्षर कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते कळावे. मग भागाकार आठाने न करता दहाने करावा लागतो आणि साडेवीसची साडेपंचवीस मिनिटे होतात. मुंबईच्या टेलिफोनच्या दरात ही पाच मिनिटे खिशाला जाणवत.

पुढे २००३ च्या सुमारास डिस्कच्या रुंद पट्टीसारख्या तारा जाऊन साटा नावाची बारीक तार आली. तिच्यातून खुणा पुन्हा एकामागोमाग एक जाऊ लागल्या आणि साठवणाऱ्यांनीही वेग बिटांत सांगायला सुरुवात केली. इथे नवा फास तयार झाला. साटाच्या तारेवर आठ बिटांचे दहा करून पाठवतात, म्हणून ६ गिगाबिटच्या साटातून सेकंदाला ७५० नव्हे, ६०० मेगाबाइट जातात. फायबरवरच्या गिगाबिट इथरनेटमध्येही आठाचे दहाच होतात, पण तिथे तारेवरचा खरा वेग १.२५ गिगाबिट असतो आणि नाव दिले आहे एक गिगाबिटचे. म्हणून नावातला वेग आठाने भागला की थेट १२५ मेगाबाइट. एकाने नावात एकूण साठा सांगितला, दुसऱ्याने उपयुक्त साठा. येलदरीच्या पत्रकात ९३४ आणि ८१० मध्ये जी गल्लत होते तीच ही. जाळ्याचे मानक आणि डिस्कचे मानक यांची तुलना करायची तर आधी नाव कोणत्या साठ्याचे आहे ते विचारावे लागते. नुसत्या आठाच्या भागाकाराने भागत नाही.

आणि वेग व साठा या दोन्हींना सांधणारा आकडा इथेही तोच, ८६,४००. सेकंदाला १०० मेगाबिट सलग दिवसभर वाहिले तर १,०८० गिगाबाइट होतात, म्हणजे एक टेराबाइटची डिस्क भरून वर थोडे उरते. ग्रामपंचायतीच्या जोडणीवर एवढे कधी वाहत नाही, जसे कालव्यात त्याच्या पूर्ण क्षमतेएवढे पाणी बाराही महिने नसते. पण जोडणी किती मोठी आहे हे कळायचे तर हाच हिशेब लागतो.

डिस्कवाल्यांची आणखी एक खोड आहे. ५०० गिगाबाइटची डिस्क घरी आणून लावली की संगणक बहुधा ४६५ दाखवतो. बनवणारा हजाराने मोजतो, संगणक १,०२४ ने. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ साली दुसऱ्या मोजणीला वेगळी नावे दिली, किबिबाइट, मेबिबाइट वगैरे. नावे बरोबर होती, दुकानात मात्र चालली नाहीत. टीएमसीच्या बाबतीत निदान एवढे सुख आहे की अब्जाचे अब्ज सगळ्यांचे सारखे असते.

मापे बदलून टाकावीत अशी मागणी यातून निघत नाही. क्युसेक जाणार नाही, कारण कालव्याच्या पट्ट्या, जुने तक्ते आणि चार पिढ्यांची सवय त्यात आहे. टीएमसी जाणार नाही, कारण करार त्यात आहेत. पण दोन मापांमधला पूल छापायला काहीच अडचण नाही. क्युसेकला ४०९ ने भागले की दिवसाचे दलघमी मिळतात, ११,५७४ ने भागले की दिवसाचे टीएमसी. येलदरीच्या रोजच्या पत्रकात विसर्गाच्या आकड्यासमोर ‘या वेगाने दिवसाला इतके दलघमी’ आणि ‘सिद्धेश्वर इतक्या तासांत भरेल’ हे दोन रकाने जादा घालावेत. तसेच इंटरनेटची जोडणी देणाऱ्याने पावतीवर मेगाबिटच्या खाली मेगाबाइट छापावेत. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने पहिली गोष्ट येत्या पावसाळ्याच्या आत करावी. त्यासाठी ना निविदा लागते, ना निधी.